हप्ता झेपतो, गाडी झेपते का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांना एकच विषय उरला आहे. काही जण गाडी घ्यायच्या आधी विचारतात, बाकीच्यांचं उलटं. इथे इंदुरात खजराण्याच्या गणपतीपुढे हार-नारळ होऊन गाडी दारात उभी राहिली, दोन-चार महिने उलटले, की मग पत्र येतं : ताई, महिनाअखेर हातात काही उरत नाही, चुकतंय कुठे? म्हणून निवडक प्रश्न इथेच घेते. खालचे हिशेब त्या त्या वाचकाचे आहेत. तुमचे आकडे वेगळे निघतील, तेव्हा सही करण्याआधी ते कोणा जाणकाराला दाखवा.

प्रश्न : आमची डिझेल गाडी नऊ वर्षांची आहे. शेजारचे म्हणतात, दहा वर्षं झाली की भंगारात जाणार, आत्ताच काढून टाका. विकू का?

नाही. दहा वर्षांचा तो घोळ दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशाचा आहे, इंदूरचा नव्हे. इथे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढते. शेजाऱ्यांना जुन्या गाडीचं गिऱ्हाईक व्हायचं आहे का, तेवढं बघा.

प्रश्न : मी तिलक नगरात राहतो, नोकरी सुपर कॉरिडॉरवर, हातात ६२ हजार पडतात. शोरूमची किंमत ८ लाख, ऑन-रोड ९ लाख १० हजार. बँक साडेनऊ टक्क्यांनी ८ लाख द्यायला तयार आहे. सात वर्षं घेतली तर हप्ता १३,०७५. शोरूमवाले म्हणतात, “सर, पगाराच्या एकवीस टक्केच तर आहे.” घेऊ ना?

आत्ता नको. का नको, ते जरा सविस्तर सांगते, कारण हाच प्रश्न नाव-गाव बदलून मला सतत येतो.

शोरूमने तुम्हाला हप्ता सांगितला. गाडीचा खर्च सांगितलेला नाही. तुमचं घर ते ऑफिस जाऊन-येऊन, रविवारचं थोडं फिरणं धरून महिन्याला ७०० किलोमीटर होतील. गर्दीत १५ चं ॲव्हरेज मिळालं आणि पेट्रोल लिटरला १०६ धरलं, तर ४,९५० रुपये झाले. विमा वर्षाला वीस हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला १,७००. सर्व्हिसिंग सरासरी १,०००. चार टायर आणि बॅटरी चार-पाच वर्षांनी एकदम अंगावर येतात, त्याचे आत्तापासून ५५० बाजूला काढा. पार्किंग, टोल, गाडी धुणारा पोरगा, पीयूसी मिळून ८००. झाले ९ हजार. हप्ता मिळवला की खिशातून दरमहा २२ हजार जातात. एकवीस टक्क्यांचे पस्तीसच्या वर गेले, आणि अजून कोणी मागून ठोकलेलं नाही.

आता घसारा, म्हणजे गाडीची उतरत जाणारी किंमत. गाडी आठ वर्षं वापरलीत आणि अडीच लाखांना विकलीत असं समजा. ६ लाख ६० हजार गळाले, महिन्याला ६,८७५. हे पैसे मागायला दारात कोणी येत नाही, म्हणून कोणी मोजत नाही. त्यात व्याज आणि वरचे ९ हजार मिळवले, तर आठ वर्षांच्या सरासरीने गाडी महिन्याला १९ हजारांना पडते, किलोमीटरला २७ रुपये. या दरात कॅबने रोज ऑफिसला जाता येतं का, हे एक आठवडा करून बघा. मेट्रो तुमच्या दारात आलेली नाही, हे मलाही माहीत आहे.

माझा खरा राग मात्र त्या सात वर्षांवर आहे. पाच वर्षं घेतली तर हप्ता १६,८०१ आणि व्याज एकूण २ लाख ८ हजार. सात वर्षांत व्याज २ लाख ९८ हजार. हप्ता हलका करण्याची किंमत ९० हजार रुपये. तीही एक वेळ सोडा. तीन वर्षांनी काय होतं ते बघा. तोवर तुम्ही बँकेला ४ लाख ७० हजार भरलेले असतील आणि मुद्दल अजून ५ लाख २० हजार बाकी असेल. त्याच वेळी विमा कंपनीच्या तक्त्यात, तीन वर्षं ओलांडलेल्या गाडीची किंमत ४० टक्के उतरते. म्हणजे शोरूमच्या ८ लाखांचे ४ लाख ८० हजार. उद्या गाडी चोरीला गेली किंवा बायपासवर टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडे) झाली, तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातील. तरी वरचे ४० हजार तुम्हीच भराल, आणि गाडी नसेल. यावर ‘रिटर्न टु इनव्हॉइस’ नावाचं, बिलाची किंमत भरून देणारं जादा कवच मिळतं, पण बहुतेक कंपन्या ते गाडी नवी असेपर्यंतच देतात. किती वर्षं देतात ते लेखी विचारा.

“मधेच बोनस आला की कर्ज फेडून टाकू” असंही तुम्ही लिहिलंय. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या, व्यक्तीने धंद्याशिवाय इतर कामासाठी घेतलेल्या कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. परंतु गाडीची बरीच कर्जं ठरावीक दराची असतात. तुमचं कुठलं, ते मंजुरीपत्रात वाचा. शोरूममध्ये बसलेल्या बँकेच्या पोराने तोंडी सांगितलेलं धरू नका.

करायचं काय? एक वर्ष थांबा. आजपासून दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी २२ हजार आवर्ती ठेवीत टाका. बारा महिने न मोडता जमलं तर २ लाख ६४ हजार आणि वर थोडं व्याज हातात येईल. ते भरून कर्ज कमी घ्या, मुदत चार-पाच वर्षांच्या वर नेऊ नका. चौथ्या महिन्यातच ठेव मोडावी लागली, तर गाडीचं काय झालं असतं हे कळेल, आणि तेही फुकटात. मधल्या काळात तीन-चार वर्षांची वापरलेली गाडी बघायला हरकत नाही. तिचा पहिला मोठा घसारा दुसऱ्याने सोसलेला असतो. मात्र ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेल्याशिवाय बयाणा देऊ नका.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर २०-४-१० चा नियम सांगतात. पाळावा का?

वीस टक्के रोख, चार वर्षं कर्ज, पगाराच्या दहा टक्क्यांत गाडीचा सगळा खर्च. नियम अमेरिकेतला आहे, तिथल्या पगारांवर बेतलेला. पाळायचाच तर तिन्ही आकडे पाळा. लोक वीस पाळतात आणि उरलेले दोन विसरतात.

प्रश्न : बँक साडेनऊ टक्के म्हणते. एक फायनान्सवाला सहा टक्के ‘फ्लॅट’ म्हणतो. सहाच स्वस्त ना?

नाही. फ्लॅटमध्ये तुम्ही फेडलेल्या रकमेवरही शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज लागत राहतं. ८ लाखांवर पाच वर्षांचे सहा टक्क्यांनी २ लाख ४० हजार होतात, हप्ता १७,३३३. बँकेच्या पद्धतीने मोजलं तर हा दर पावणेअकराच्याही थोडा वर जातो. दोघांकडून कागदावर एकच मागा : एकूण किती भरायचे. प्रोसेसिंग फी धरून.

प्रश्न : शोरूमवाला म्हणतो विमा आमच्याकडूनच घ्या, नाहीतर डिलिव्हरी लांबेल. त्याचे ४६ हजार, बाहेर ३३ हजार. आमची जुनी गाडी विकतोय, तिचा पाच वर्षांत एकही क्लेम नाही.

अशी सक्ती त्याला करता येत नाही. डिलिव्हरी लांबेल म्हणाला तर तेवढं वाक्य ई-मेलवर लिहून द्या म्हणा, बहुधा गाडी वेळेवर येते. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या विम्याचा दर सरकारी असतो, कंपनी कुठलीही असो. नव्या गाडीला तो तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. १००० ते १५०० सीसीला जून २०२२ च्या दरपत्रकाने १०,६४० अधिक कर. म्हणजे तुमचा तेरा हजारांचा फरक सगळा ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि जादा कवचांत आहे. दोन्ही कोटेशन शेजारी ठेवून झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन कवच आणि गाडीची विमाकिंमत ओळीने ताडून बघा. स्वस्त पॉलिसीत किंमतच कमी धरलेली नाही ना, तेही.

आणि तुमचा ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट! तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेजवर लावा. शोरूममध्ये याबद्दल कोणी आपणहून विचारणार नाही. ‘हँडलिंग चार्ज’ नावाची ओळ बिलात असेल तर कशाचा म्हणून विचारा आणि काढायला लावा.

प्रश्न : शीतलामाता बाजारात माझं कपड्याचं दुकान आहे. एजंट म्हणतो, दुकानाच्या नावे गाडी घ्या, टॅक्सही वाचेल आणि जीएसटीही परत मिळेल.

जीएसटी परत मिळणार नाही. तेरा माणसांपर्यंतच्या गाडीवर क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, कायद्याने अडवलेलं आहे. टॅक्सी चालवणारे, गाड्या विकणारे आणि ड्रायव्हिंग शिकवणारे त्याला अपवाद, तुम्ही नव्हे. घसारा वर्षाला १५ टक्के मिळतो खरा, पण तुम्ही आठ किंवा सहा टक्के नफा धरून प्रिझम्प्टिव्ह (अंदाजी नफ्याच्या) योजनेत रिटर्न भरत असाल, तर घसारा त्यातच आला असं कायदा मानतो, वेगळा मिळत नाही. एजंटाला हे ठाऊक नसावं. आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलात तरी शंभर खर्चून तीस-एकतीस वाचतात, उरलेले सत्तर तुमच्याच गल्ल्यातले. आधी तुमच्या सीएकडे जा, मग शोरूममध्ये.

प्रश्न : मुलगा पुण्याहून परदेशी गेला. त्याची एमएच १२ गाडी आम्ही इंदुरात वापरायची म्हणतो. लोक म्हणतात, कोणी विचारत नाही.

अडवेपर्यंत कोणी विचारत नाही. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांवर ठेवायची तर नवी नोंदणी लागते : पुण्याच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र), इथला रोड टॅक्स, आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सच्या उरलेल्या भागासाठी परताव्याचा अर्ज. तो अर्ज लोक वर्षानुवर्षं लांबवतात. कर्ज शिल्लक असेल तर बँकेची संमतीही हवी. गाडी सात-आठ वर्षांची असेल तर पुण्यातच विकून इथे एमपी ०९ ची जुनी गाडी घेणं कदाचित सोपं पडेल. नायता मुंडल्याच्या आरटीओत टॅक्सचा आकडा काढून घ्या, मग ठरवा.

प्रश्न : सीएनजी मॉडेल ९० हजारांनी महाग आहे. परवडेल?

किलोमीटरमागे तीन रुपये वाचत असतील तर ३० हजार किलोमीटरनंतर. वर्षाला सहा हजार चालवणाऱ्याने कशाला?

प्रश्न : कर्ज फिटून दोन वर्षं झाली, बँकेची एनओसी कपाटात आहे. काही करायचं असतं का?

दोन वर्षांपूर्वीच करायचं होतं. एनओसीची मुदत साधारण तीन महिने असते, आता बँकेकडून नवी घ्या. फॉर्म ३५ सोबत आरटीओत देऊन आरसीवरून (नोंदणी प्रमाणपत्रावरून) बँकेचं नाव काढा, नंतर विम्याच्या पॉलिसीवरूनही. तोवर टोटल लॉसचा क्लेम फिटलेल्या कर्जाच्या बँकेत अडकू शकतो.

प्रश्न : जुनी गाडी मेहुण्यांच्या मित्राला रोख विकली, सहीचे कोरे फॉर्म दिले. वर्ष झालं, चलान अजून माझ्याच मोबाइलवर येतात. माणूस ओळखीचा आहे.

चलान तर चिल्लर आहे. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या खटल्यातही गाडी एका हातातून दुसऱ्या हातात विकत गेली होती आणि आरसीवर नाव पहिल्याचंच होतं. विमा संपलेला असताना त्या गाडीने कोणाला उडवलं, तर नोटीस तुमच्या दारात येईल. मेहुण्यांना मध्ये घाला, भीड ठेवू नका. फॉर्म २९ आणि ३० वर तारीख घालून या आठवड्यात नाव बदलून घ्या. विकल्याची पावती, पैसे आल्याची नोंद आणि त्याच्या आधारची प्रत जपून ठेवा. तो टाळाटाळ करत असेल तर आरटीओला लेखी कळवून पोच घ्या आणि त्याच दिवशी वकिलाला भेटा.