आईला अचानक अर्धांगवायूचा झटका आला, आणि मला रडूही येत नाही. मनाने कसं सावरायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई चार दिवस आयसीयूत आहे, तुम्ही पुण्याहून रजा टाकून धावत आलात, एकुलत्या एक आहात. रडू येत नाही, उलट वडिलांवर, नर्सवर, चहावाल्यावर चिडचिड होते. शेवटी तुम्ही विचारलंय, "माझ्यात मायाच कमी आहे का?"

मी डॉक्टर नाही. गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. पण त्या आयसीयूबाहेरच्या बाकावर मीही बसलोय, तेव्हा तिथलंच सांगतो.

ऑगस्ट २०१९. बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. साखळीजवळच्या आमच्या गावात त्यांना सगळे 'मास्तर'च म्हणतात. मी मडगावला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, दोन आठवड्यांवर आली होती. सकाळी सव्वासातला बाबांचा फोन आला, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं बांधून सजवतात ती चौकट) सामान आणायला कधी येतोस म्हणून. बोलणं जरा बोबडं येत होतं. मला वाटलं, कवळी लावली नसेल. मी म्हटलंसुद्धा, "बाबा, दांत लाव मरे पयलीं." (घरात आमचं बोलणं कोंकणी, लिहिणं-वाचणं मराठी.) ते काहीतरी पुटपुटले, मी फोन ठेवला आणि बस पकडली.

अकराच्या सुमारास आईला ते सोप्यावर कलंडलेले दिसले. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजारणीने बीपी उतरलं असेल म्हणून साखरपाणी पाजलं. अशा वेळी तोंडात काहीही घालायचं नसतं, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं, हे आम्हाला नंतर कळलं. मग १०८ला फोन, मग बांबोळीचं सरकारी इस्पितळ. मी वेर्ण्याहून निघालो तो कुठ्ठाळीला अडकलो. झुवारीवरचा नवा पूल तेव्हा व्हायचा होता, जुन्यावरची वाहनांची रांग ज्याने पाहिली आहे त्याला अधिक सांगायला नको. पावसात काचेवरचे वायपर हलत होते आणि मी मनात हिशेब मांडत होतो. रजा किती शिल्लक आहेत, घरात रोख किती आहे, आईच्या बीपीच्या गोळ्या कोण आणेल. बाबांचा विचार त्या पाऊण तासात आलाच नाही म्हटलं तरी चालेल.

तिथे गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, स्कॅन झालं. गुठळी होती, मेंदूच्या डाव्या बाजूला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधी सुरू झाला? आई म्हणाली, अकरा. मी म्हटलं, सव्वासात. बोलणं बोबडं येत होतं. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, मग वेळ गेली. त्यांनी दोष दिला नव्हता, घड्याळ सांगितलं होतं. मला ते कसं ऐकू आलं असेल, ते तुम्ही ओळखाल.

त्या दिवशी मी रडलो नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दहाव्या दिवशीही नाही. एकदा पास हरवला म्हणून दारातल्या सिक्युरिटीवाल्यावर असा ओरडलो, की चार माणसं मध्ये पडली. तो बिचारा त्याचं काम करत होता. सातव्या की आठव्या रात्री तर मनात स्पष्ट आलं, की असं अंथरुणावर पडून राहण्यापेक्षा हा माणूस सुटला तर बरं. आणि लगेच, दुसऱ्याच श्वासाला, म्हणजे मलाही सुट्टी मिळेल. हे मी कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही. पुढे ज्यांच्या घरी असं दुखणं आलं त्यांच्याशी बोललो, तर बहुतेकांच्या मनात हे कधी ना कधी येऊन गेलेलं. तुम्हाला अजून आलं नसेल तर येईलही. आलं तर घाबरू नका, आणि त्यावरून स्वतःची किंमत करू नका.

इस्पितळात एक गोष्ट होते. दार उघडतं, सिस्टर आईचं नाव पुकारते आणि विचारते, कोण आहे हिच्याबरोबर? तुम्ही उठता. औषधं आणता, सह्या करता, रक्ताच्या चिठ्ठ्या घेऊन पळता. दिवसभर तुम्ही 'पेशंटची नातेवाईक' असता, मुलगी व्हायला सवडच होत नाही. मग रडणार कोण? ते रडू कुठे जात नाही, पुढे ढकललं जातं. मधल्या काळात ते रागाच्या रूपाने बाहेर येतं, म्हणून चहावाला ऐकून घेतोय.

मला उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा, आणि ती माझ्या बायकोला सुचली. तिने माझा फोन काढून घेतला. रोज तीस-चाळीस जण विचारत, कसं झालं, आता कसं आहे, आणि मी तेच पुन्हा पुन्हा सांगत होतो. प्रत्येक वेळी ते बोबडं वाक्य पुन्हा ऐकू येई. तिने चुलतभावाला नेमलं. संध्याकाळी सात वाजता तो सगळ्या गोतावळ्याला एकच निरोप पाठवी, बाकी फोनही तोच घेई. तुम्हाला भाऊ-बहीण नाही, पण एखादी मावसबहीण, मैत्रीण, शेजारचा मुलगा असेलच. लोक "काही लागलं तर सांगा" म्हणतात ना, त्यांना हे सांगा. डबा कुणीही आणतं, हे काम कुणाला सुचत नाही.

त्यातून रोज जो अर्धा तास उरला, त्यात मी फक्त बाबांजवळ उभा राहायचो. फाइल नाही, प्रश्न नाही. त्यांच्या डाव्या हाताची नखं वाढली होती, ती कापली. तेवढंच.

डॉक्टरांचं बोलणं वहीत लिहून ठेवा. अशा दिवसांत ऐकलेलं डोक्यात राहत नाही, आणि घरी गेल्यावर 'ते नक्की काय म्हणाले' यावरून भांडणं होतात. आमच्याकडे झाली. थोरला भाऊ कतारला. तो रोज रात्री फोन करून म्हणायचा, दुसऱ्या डॉक्टरला दाखव, बेळगावला ने, मुंबईला ने. मी एकदा फोन आपटला. लांब बसलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं, म्हणून तो सल्ले देतो, हे कळायला मला वर्ष लागलं. तुमच्याकडे मामा-काका असतील या जातीचे. त्यांना वहीतलं पान फोटो काढून पाठवून द्या आणि मोकळ्या व्हा.

आणखी एक, कारण हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आयसीयूत माणूस भ्रमिष्टासारखं वागू शकतो. दिवस-रात्र कळत नाही, नळ्या उपसतो, आपल्या माणसाला ओळखत नाही, वाट्टेल ते बोलतो. आई तुम्हाला टाकून बोलली, तर ते मनाला लावून घेऊ नका. बहुतेकदा काही दिवसांत निवळतं. पण डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला.

देवाधर्माचं विचारलं नाहीत, पण ते येणारच. माझ्या आईने गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल घेतला. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडची पडली, म्हणजे चांगलं. माझा विश्वास नाही. मी तिला गाडीने नेलं आणि बाहेर उभा राहिलो. परतताना ती गाडीत झोपली, चार दिवसांत पहिल्यांदा. तुमच्या वडिलांना असलं काही करायचं असेल तर वाद घालू नका. त्यांनाही हाताला काहीतरी काम हवं आहे. औषध चालू राहिलं म्हणजे झालं.

रडू मला आलं ते चवथीच्या आदल्या दिवशी. बाबांना घरी आणलं होतं. उजवी बाजू गेलेली, आणि बोलणं म्हणजे फक्त "ना ना ना." माटोळी आमच्याकडे दरवर्षी तेच बांधायचे. मी शिडीवर चढलो. खाली भाचा नारळाचा घोस, सुपारीचा घड, तोरिंगं, चिबूड, कवंडळं एकेक वर देत होता. मी बांधायचो आणि गाठ सुटायची. बाबांची गाठ वेगळी होती. सालीचा दोर ते दोनदा फिरवून आतून काढायचे. चाळीस वर्षं बघितली होती, शिकलो नव्हतो. ते खाटेवरून बघत होते आणि ओरडत होते, "ना ना ना!" डाव्या हाताने हवेत गाठ मारून दाखवत होते. मला कळेना, त्यांना सांगता येईना. मी शिडीवर बसूनच रडलो, चांगलं दहा मिनिटं. भाचा तोरिंग हातात धरून तसाच उभा. मग आईने चहा आणला आणि सुतळीने बांधलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी आरतीला बाबांनी सगळ्यांबरोबर आरती म्हटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, शब्द जागच्या जागी. आई तर देवाच्या पायाच पडली. संध्याकाळी साधं 'पाणी' म्हणता येईना. स्पीच थेरपिस्टने नंतर समजावलं, की पाठ असलेलं, चालीवरचं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. म्हणून शिव्याही येतात! (आल्या. फिजिओथेरपिस्टला.) हे एवढ्यासाठी सांगतो, की पुढच्या काही महिन्यांत अशी एखादी संध्याकाळ तुम्हाला उचलून धरेल आणि दुसरी सकाळ खाली आपटेल. सुधारणा सर्वांत जास्त पहिल्या तीन-चार महिन्यांत दिसते, पुढेही होते पण सावकाश. रोज मोजू नका. मी मोजत होतो, त्याचा त्रासच झाला.

झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एका पेशंटला नैराश्य येतं, आणि त्यावर उपचार आहेत. बाबांना गोळी सुरू केली, तेव्हा कुठे ते व्यायामाला हात देऊ लागले. आईकडे त्या दृष्टीनेही लक्ष असू द्या. स्वतःकडेही. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, अन्न जात नाही, जगण्यात राम वाटत नाही असं झालं, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. मी स्वतः बांबोळीच्याच मनोविकार इस्पितळात दोनदा गेलो. गोव्यात त्या इस्पितळाचं नाव काढलं की लोक वेड्याच्या गप्पा करतात, म्हणून मी ऑफिसात दाताच्या डॉक्टरकडे जातो असं सांगितलं होतं.

दात म्हटल्यावर ते राहिलेलं सांगून टाकतो. तुम्ही लिहिलंय, की आदल्या रात्री आई "डोकं जड झालंय" म्हणाली होती आणि तुम्ही "झोप जा" म्हणालात. त्याचं काय करायचं, ते मला माहीत नाही. माझं अजून पूर्ण गेलेलं नाही. डिसेंबरात एकदा बाबांना सोप्यावर बसवून मी सगळं सांगितलं. फोन, बोबडं बोलणं, कवळी, साडेचार तास. त्यांनी ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने कवळी काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि हसायला लागले. झटक्यानंतर हसू-रडू माणसाच्या ताब्यात राहत नाही, कशावरूनही येतं. त्यामुळे ते माझ्यासाठी होतं की नुसतंच आलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी कवळी धुऊन त्यांना परत लावली.