रिपोर्टमधले लाल पट्टे

"मॅडम, माझे बॅक्टेरियाच बिघडलेत. त्यात समुपदेशन काय करणार?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यानं प्लास्टिकचं फोल्डर टेबलावर ठेवलं. लातूरकडचा मुलगा, वय 26, पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) फोल्डरमध्ये घरपोच किट मागवून केलेल्या स्टूल टेस्टचा, म्हणजे विष्ठेतल्या जिवाणूंच्या तपासणीचा, रिपोर्ट होता. हिरवे-लाल पट्टे, आणि प्रत्येक लाल पट्ट्याभोवती त्यानं स्वतः पेननं काढलेला गोल. शेवटच्या पानावर त्याच कंपनीच्या कॅप्सूलची जाहिरात. मला ते पान सगळ्यात बोलकं वाटलं, पण तेव्हा गप्प बसले.

मागच्या पावसाळ्यात त्याला जुलाब झाले होते. मेडिकलमधून विचारून घेतलेल्या अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. जुलाब थांबले, पण पोट काही ताळ्यावर येईना. गॅस, मुरडा, सकाळी तीन-तीनदा जाणं. अभ्यासिकेत तो दाराजवळचीच जागा धरायचा.

पहिल्या भेटीत मी चुकले. "टेन्शनमुळेही होतं असं," म्हणून गेले. तो तीन आठवडे फिरकला नाही. पोट खरोखर दुखत असताना 'टेन्शन' हा शब्द 'नाटक' असाच ऐकू येतो.

परत आला तेव्हा आधी पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. शौचातून रक्त, उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं, यातलं काहीही असेल तर माझ्यासारखीनं गप्पा मारत बसू नये. तपासण्या नॉर्मल आल्या. निदान आयबीएस: आतड्याला सूज-जखम नाही, पण आतडं हळवं झालेलं आणि मेंदूशी त्याची कुरबुर चाललेली. पोटाच्या जंतुसंसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला असा त्रास मागे उरतो.

"म्हणजे बॅक्टेरियाचं सगळं खोटं?"

खोटं कसं असेल? अँटिबायोटिकनं चांगले जिवाणू मेले की क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा जिवाणू कधीकधी माजतो आणि जीवघेणे जुलाब लावू शकतो. 2013 साली नेदरलँड्समधल्या चाचणीत अशा रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू सोडले, तर 16 पैकी 13 जण पहिल्याच वेळी बरे झाले. इथे बिघाड आणि आजार यांचं नातं पक्कं आहे. नैराश्य, लठ्ठपणा, आयबीएस यांत मात्र जिवाणूंमध्ये फरक दिसतो, पण आधी कोण बिघडलं हे सुटलेलं नाही. शिवाय दोन ठणठणीत माणसांचे जिवाणूही एकमेकांशी जुळत नाहीत, मग लाल कशाला म्हणायचं?

त्यानं पुढचा मुद्दा काढला, वाचून आला होता. "90 टक्के सेरोटोनिन पोटात बनतं. म्हणून माझं मन खचलंय." बनतं खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. पोट आणि मेंदू बोलतात ते मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून, आणि दोन्ही बाजूंनी. त्याचं पोट त्याला घाबरवत होतं आणि भीती पोटाला ढवळत होती.

मग मी ताटाबद्दल विचारलं. रिपोर्ट वाचून त्यानं भाकरी, उसळ, कांदा, ताक, फळं सगळं सोडलं होतं. मेसच्या डब्यातला भात, वरणाचं पाणी आणि वर ग्लुकोज बिस्किटं. आपण न पचवलेला तंतुमय भाग हेच या जिवाणूंचं जेवण. त्यातून ते ब्युटिरेट बनवतात आणि त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं.

"म्हणजे मीच त्यांना उपाशी मारतोय?" तो पहिल्यांदा हसला.

आहारतज्ज्ञांच्या मदतीनं एकेक पदार्थ परत आणला. आधी अर्धी भाकरी, मग ताक. उसळ सावकाश, कारण आयबीएसमध्ये ती खरंच फुगवते. वहीत तो जेवण, शौच आणि त्या दिवशीची धास्ती लिहायचा. गावी बहिणीच्या लग्नात चार दिवस सगळं खाल्लं आणि काहीच झालं नाही, हे त्यालाच त्या वहीत सापडलं. मॉक टेस्टच्या सकाळी मात्र नुसत्या चहावरही मुरडा. तिथून आमचं काम खरं सुरू झालं: पोटातून श्वास, आणि "हॉलमध्ये लागली तर?" या विचाराची उलटतपासणी.

मॉकच्या दिवशी अजून दोनदा जावं लागतं. दाराजवळची जागा सुटली. परवा जाता जाता विचारत होता, कांदा कधी सुरू करू?

"पोह्यात चिमूटभर," म्हटलं, "पण पेपरच्या दिवशी नको."