पाऊण भाग आठ मिनिटांत?

प्रश्न: माझी मुलगी डिचोलीत (गोवा) बारावीला आहे, विषय पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी). उन्हाळ्यात फार्मसीची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. सराव चाचणीत शंभरपैकी केमिस्ट्रीत ४६ आणि गणितात ३५ पडले. तीन ट्यूशन लावल्यात, मोबाईल काढून घेतलाय, यंदा चवथीलाही (गणेशचतुर्थीला) आजोळी पाठवलं नाही. साखळीत आमचं औषधांचं दुकान आहे, तिथे पगारी फार्मासिस्ट ठेवावा लागतो. मुलगी बी.फार्म. (फार्मसीची पदवी) झाली की प्रश्न सुटेल, पण गणिताशिवाय फार्मसी नाही. चाळीस हजारांचा क्रॅश कोर्स लावू का? तपासलेल्या उत्तरपत्रिका सोबत पाठवतोय. (खाली मुलीच्या अक्षरात: मला लॅबमध्ये काम करायला आवडेल. दुकानात नाही.)

उत्तर: गुणांकडे मागाहून येते. आधी तिचा दिवस बघू, कारण ट्यूशनच्या वेळाही तुम्ही उत्तरपत्रिकेच्या मागे लिहिल्या आहेत. सकाळी हायर सेकंडरी, दुपारी डिचोलीतच केमिस्ट्री, तिथून बसने म्हापशाला गणित, घरी यायला साडेआठ. रविवारी फोंड्याला टेस्ट सिरीज. यात ती एकटी बसून, फळ्यावर कोणी न सोडवलेलं गणित कधी सोडवते? चवथीचं तर तुम्ही मोठ्या कौतुकाने लिहिलंय. आजोळच्या दीड दिवसाच्या गणपतीपायी कोणाची सीट गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता उत्तरपत्रिका. प्रश्न असा होता: फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शनचा अर्धायुष्यकाल, म्हणजे दर वेळी उरलेल्याचं अर्धं संपायला लागणारा वेळ, २० मिनिटं, तर ७५ टक्के रिअ‍ॅक्शन पूर्ण व्हायला किती वेळ लागेल? तिने सूत्र बरोबर लिहिलंय, के ची, म्हणजे वेगाच्या स्थिरांकाची, किंमतही बरोबर काढलीय, ०.०३४६५. पुढे लॉगमध्ये शंभर भागिले उरलेले २५ घ्यायचे, तिथे शंभर भागिले संपलेले ७५ घेतले. उत्तर आलं ८.३ मिनिटं. खाली रेघ मारली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली. अहो, अर्धं संपायला वीस मिनिटं लागतात, मग पाऊण भाग आठ मिनिटांत कसं संपेल? वीस मिनिटांत अर्धं उरतं, आणखी वीस मिनिटांत त्याचं अर्धं, म्हणजे चाळीस मिनिटं. लॉग लागतच नाही. हे तिला कळत नाही असं मुळीच नाही. थांबून उत्तराकडे बघायची सवयच राहिलेली नाही. गणितातही तेच: साइन स्क्वेअर एक्सचं डेरिव्हेटिव्ह टू साइन एक्सवर सोडलंय, कॉस एक्स लिहायचा राहिला. अशा चुका चौथी ट्यूशन लावून जात नाहीत. उलट आहेत त्यातल्या दोन बंद करा. कुठल्या, ते तिला ठरवू द्या. रिकाम्या झालेल्या वेळात तिने स्वतःचेच चुकलेले प्रश्न, उत्तर न बघता, पुन्हा सोडवावेत आणि प्रत्येक उत्तर शक्य तरी आहे का, हे स्वतःला विचारावं.

‘गणिताशिवाय फार्मसी नाही’ हे तुम्हाला कोणी सांगितलं, याचा मला अंदाज आहे. गणिताची ट्यूशन घेणाऱ्यानेच सांगितलं असणार. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे बी.फार्म.साठी बारावीला फिजिक्स आणि केमिस्ट्री लागतं, त्यांच्या जोडीला गणित किंवा बायोलॉजी यांपैकी एक चालतं. गणित न घेता आलेल्यांना पहिल्या सेमिस्टरला ‘रेमेडिअल मॅथेमॅटिक्स’ असतं, बायोलॉजी न घेतलेल्यांना ‘रेमेडिअल बायोलॉजी’. तुमच्या मुलीकडे दोन्ही विषय आहेत. तेव्हा यंदा मेरिटला कोणत्या विषयांचे गुण धरणार, हे पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या माहितीपत्रकात स्वतः वाचा आणि मग तिचा वेळ वाटून द्या. केमिस्ट्री मात्र कुठेच सुटणार नाही, म्हणून वेळेवर पहिला हक्क केमिस्ट्रीचा.

दुकानाचं स्पष्टच बोलते. औषधं द्यायला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, हे खरं. पण त्यासाठी चार वर्षांचं बी.फार्म.च हवं असं नाही. दोन वर्षांचं डी.फार्म. (पदविका), ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, एक्झिट एक्झाम आणि स्टेट फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी, एवढ्यावर भागतं. म्हणजे काउंटरसाठीच माणूस हवा असेल तर ही सगळी धावपळ लागतच नाही. एक पगार वाचावा म्हणून तुम्ही मुलीला वीस-पंचवीस वर्षांसाठी साखळीच्या काउंटरमागे उभी करायला निघालाय, आणि ती नको म्हणतेय. पगार देत राहा, सौदा स्वस्तात पडेल.

बाळ, तुझ्या दोन वाक्यांना वेगळं उत्तर देते. लॅब हवी असेल तर फार्मसी वाईट नाही. वेर्णा, पिळर्ण, कोलवाळ इथल्या औषध कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलच्या लॅब आहेत आणि तिथे बी.फार्म.वाले असतात, तसे केमिस्ट्रीत बी.एस्सी., एम.एस्सी. केलेलेही असतात. प्रवेश परीक्षा दे, पण बी.एस्सी.चा अर्जही भर. ओळखीत कोणी अशा लॅबमध्ये असेल तर त्यांना गाठून तिथे दिवसभर काय करतात ते विचार. शिफ्ट असतात, रजिस्टरं भरत बसावं लागतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

क्रॅश कोर्स नको. जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा, आठवड्याला एक घड्याळ लावून सोडवू द्या, दुसऱ्या दिवशी तिची तिलाच तपासू द्या. आणि किती पडले, हे महिनाभर विचारू नका.