गोल मोजाच, पण सेंटर बॅककडेही बघा

तुमच्या फुटबॉल संघाच्या नऊ नंबरने, म्हणजे सगळ्यात पुढे खेळणाऱ्या स्ट्रायकरने, 20 सामन्यांत 4 गोल केले, म्हणून त्याला विकून टाका, "स्ट्रायकरचं काम गोल करणं, बाकी सगळ्या सबबी" असं तुमचं म्हणणं आहे. मी अनेक वर्षं सेंटर बॅक, म्हणजे स्ट्रायकरला अडवणारा मधला बचावपटू, म्हणून खेळलोय, त्यामुळे मला हे अजिबात पटत नाही.

मला सगळ्यात जास्त छळणाऱ्या स्ट्रायकरच्या नावावर फारसे गोल नसायचे. तो माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि चेंडू छातीवर घ्यायचा. त्याला अडवायला मी दोन पावलं पुढे सरकलो, की माझ्यामागे पडलेल्या मोकळ्या जागेत त्यांचा विंगर (कडेने धावणारा खेळाडू) घुसायचा. गोल लागायचा विंगरच्या नावावर. असिस्ट, म्हणजे गोलआधीच्या पासचं श्रेयही बहुतेक वेळा पास देणाऱ्या मिडफिल्डरचं. पण मला जागेवरून हलवलेलं असायचं त्या स्ट्रायकरने, आणि त्याची नोंद कुठेच नाही.

2018 च्या विश्वचषकातला फ्रान्सचा स्ट्रायकर ऑलिव्हिए जिरू आठवा. सातही सामने खेळला, गोल शून्य. गोलजाळ्याच्या दिशेने एक अचूक फटकासुद्धा नाही. तरी प्रशिक्षक देशाँने त्याला बाहेर बसवलं नाही, कारण तो बचावपटूंना अंगावर घ्यायचा आणि सहकारी ग्रीझमन-एम्बापेला पळायला रान मोकळं मिळायचं. त्या दोघांचे प्रत्येकी 4 गोल झाले आणि फ्रान्स जगज्जेता ठरला. त्याला गोल करताच येत नव्हते म्हणावं, तर 2022 च्या विश्वचषकात याच जिरूने थिएरी आंरीचा फ्रान्ससाठी सर्वाधिक, 51 गोलांचा विक्रम मोडला.

रेआल माद्रिदचा स्ट्रायकर बेन्झेमाचंही तसंच. 2017-18 मध्ये ला लीगात, म्हणजे स्पेनच्या लीगमध्ये, त्याचे फक्त 5 गोल होते. सहकारी रोनाल्डो क्लब सोडून गेला, बेन्झेमाकडे वेगळं काम आलं आणि पुढच्याच हंगामात 21 झाले. माणूस तोच! म्हणून आकडा बघण्याआधी प्रशिक्षकाने त्याच्याकडे काय मागितलंय ते विचारायला हवं.

आता उलट बाजूचं उदाहरण. 2022-23 मध्ये मँचेस्टर सिटीचा स्ट्रायकर हालांडने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 36 गोल केले. सिटीचे एकूण गोल झाले 94. त्याआधीच्या हंगामात, तो नसताना, 99 होते. हालांड नको होता असं मी म्हणत नाही, त्या वर्षी सिटीने तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पण त्याचे 36 गोल संघाच्या जुन्या बेरजेवर वरून पडले नाहीत. आधी ते पाच-सहा जणांत वाटले जायचे, इतकंच.

तुमचं एका बाबतीत मात्र बरोबर आहे. "खूप पळतो, खूप मेहनत करतो" एवढ्यावर स्ट्रायकरला कायम माफी मिळू नये. इथे मी त्याला गोलच्या संधी मिळतायत का ते बघतो. चांगल्या जागी पोचून चुकत असेल तर मी धीर धरतो, कारण असा खराब काळ बहुतेकदा सरतो. गोलसमोरच्या बॉक्समध्ये पोचतच नसेल तर काळजी करतो, आणि तेव्हाही मागून त्याला पास मिळतोय का हे आधी तपासतो. तुलना करताना पेनल्टी (फक्त गोलकीपर समोर असताना मारायचे फटके) वजा करायला विसरू नका. चारातल्या साधारण तीन आत जातातच, आणि त्या कोण घेणार हे संघात आधीच ठरलेलं असतं.

पुढच्या सामन्यात पंधरा मिनिटं चेंडू सोडून द्या. फक्त तुमचा नऊ नंबर आणि समोरचे दोन सेंटर बॅक बघा. ते त्याच्यामागे खेचले जातायत का? चेंडू समोरच्या संघाकडे गेल्यावर तो त्यांना सुखाने पास देऊ देतो का? ते दोघे निवांत उभे दिसले, तर विकायच्या मताला मीही येईन.