आईच्या नवीन फोनमध्ये कंपनीनं आधीच टाकलेली ॲप्स रूट न करता काढता येतात का?

तुम्ही विचारलंय की आईसाठी घेतलेल्या फोनमध्ये कंपनीनंच वीस-पंचवीस ॲप्स भरून दिली आहेत, कित्येकांवर अनइन्स्टॉल येतच नाही, तर रूट न करता, म्हणजे फोनच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा न घेता, ती काढता येतील का आणि वॉरंटी जाईल का. काढता येतात. आणि आजच काढा, आईच्या हातात फोन रुळायच्या आधी. "हे आपल्याला जमत नाही" असं एकदा त्यांच्या मनानं घेतलं की मग फोन कितीही साफ केला तरी त्या हात लावणार नाहीत. आमच्या घरी हेच झालं, म्हणून लिहितोय.

आमचं गाव कळंब तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घरी कापूस आणि सोयाबीन. जानेवारी २०२४ मध्ये कापूस विकल्यावर बाबांना ८,९९९ रुपयांचा फोन घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, त्या किमतीत सगळ्यांचं थोड्याफार फरकानं हेच आहे. डब्यावर ३२ जीबी लिहिलेलं, चालू केला तेव्हा मोकळी जागा १८ जीबी. चार गेम, दोन खरेदीची ॲप्स, एक कर्ज देणारं, एक फोन साफ करणारं, कंपनीचं स्वतःचं ॲप-दुकान, कंपनीचा स्वतःचा ब्राउझर. आणि लॉक स्क्रीनवर दर वेळी नवं चित्र. कधी नटी, कधी गाडी, कधी क्रिकेट.

बाबा मोटारपंपाचं स्टार्टर उघडून स्वतः दुरुस्त करतात. डवऱ्याच्या पासेला किती कोन द्यायचा हे त्यांना विचारायला लोक येतात. पण कापूस वेचून वेचून, बोंडाच्या टोकांनी त्यांच्या उजव्या अंगठ्याची कातडी फाटलेली आहे. त्या भेगा काळ्या पडल्यात. फोनची काच त्या अंगठ्याला एकदा ओळखते, एकदा नाही. म्हणून ते जोर देऊन दोनदा घासतात. दुसऱ्यांदा घासलं की लॉक स्क्रीनवरचं ते चित्र उघडायचं, त्यातून बातमीचं पान, त्यातून जाहिरात. बाबांना फक्त हवामान पाहायचं असायचं. "पाय ना रे, मी काईच दाबलं नाई, आपोआपच येते," असं ते म्हणायचे आणि फोन माझ्याकडे सरकवायचे. मीही तेव्हा जाहिरात बंद करून परत द्यायचो, बस. सेटिंगमध्ये जाऊन ते मुळापासून बंद करायचं सुचलं नाही.

सप्टेंबर २०२४. ई-पीक पाहणीचे शेवटचे दिवस. शेतकरी नसलेल्यांसाठी सांगतो, वावरात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो टाकावा लागतो, तेव्हा सातबाऱ्यावर पेरा चढतो. २०२१ पासून हे काम शेतकऱ्यानं स्वतःच्या फोनवर करायचं आहे. मी यवतमाळला कामावर. बाबा सकाळी एकटेच गेले. फोन खताच्या पन्नीत गुंडाळून बंडीच्या खिशात, कारण आभाळ भरून होतं. धुऱ्यावर उभे राहून पऱ्हाटीचा फोटो काढायला गेले तर जागा शिल्लक नाही असा निरोप आला. त्याच्यावर लगेच त्या साफ करणाऱ्या ॲपचं पान आलं, लाल रंगात, फोनमध्ये कचरा भरलाय, आत्ता साफ करा. बाबांनी विश्वासानं दाबलं. ते पान जाहिरात दाखवायचं, जाहिरातीवर बोट पडलं की आणखी एक ॲप उतरायचं, जागा आणखी कमी. दोन तास ते हेच करत होते. पाऊस आला तेव्हा घरी आले. संध्याकाळी मी पाहिलं तर सकाळपेक्षा तीन ॲप्स जास्त होती. फोन खाटेवर ठेवून म्हणाले, "मले नाई जमत बावा हे. तूच करत जाय."

पुढच्या दोन दिवसांत मला रजा मिळाली नाही आणि मुदत संपली. मग तलाठ्याकडून नोंद करून घेण्यासाठी चकरा. नोंद झाली, पण उशिरा. तोवर हमीभावानं कापूस देता येत नव्हता आणि घरात पैशाची नड होती, पहिल्या वेच्याचा १४ क्विंटल कापूस खासगीत ६,९०० नं घातला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ होता. म्हणजे ८,६९४ रुपये गेले, जवळजवळ फोनच्या किमतीएवढे. मी तो हिशोब वहीत लिहून ठेवलाय.

दिवाळीत दादा पुण्याहून आला. दादा आयटीत आहे. सगळं ऐकून म्हणाला, "बाबांना नाही झेपणार रे हे. साधा बटणाचा घेऊन दे. आणि नऊ हजारांत फोन घ्यायचा म्हटल्यावर जाहिराती येणारच." बाबा समोरच बसले होते. काही बोलले नाहीत. मी त्या दिवशी दादाशी वाद घातला नाही, पण ते वाक्य मला आजही पटलेलं नाही. नऊ हजार रुपये आमच्यासाठी सव्वा क्विंटलहून जास्त कापूस असतो. तो देऊन घेतलेली वस्तू आमची. कंपनीला फोनवर नफा कमी उरतो, म्हणून ती ॲपवाल्यांकडून पैसे घेऊन त्यांची ॲप्स भरते, हे मला समजतं. पण मग काढायची सोय तरी ठेवा. वावर विकत घेतल्यावर जुन्या मालकानं त्यात आपली गुरं चारत राहावं का?

आमच्याकडे सीसीआय म्हटलं की कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ. पण दुसरी सीसीआय आहे, भारतीय स्पर्धा आयोग. त्या आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि आधीपासून टाकलेली गुगलची ॲप्स लोकांना काढू द्या असंही सांगितलं. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण ॲप काढू देण्याची ती सूचना रद्द केली. दादाला हे मी नंतर पाठवलं. नऊ हजारांच्या फोनचाच प्रश्न असता तर एवढ्या मोठ्या आयोगाला त्यावर लिहावं लागलं नसतं.

आता तुमचं काम. ज्यांच्यावर अनइन्स्टॉल येतं ती आधी काढा, ते तुम्हाला माहीतच आहे. ज्यांच्यावर येत नाही तिथे सेटिंगमध्ये ॲपच्या पानावर डिसेबल येतं का पाहा. त्याआधी त्या ॲपचे अपडेट्स काढून टाका, जागा त्यांनीच धरलेली असते. लॉक स्क्रीनची चित्रं सेटिंगमधूनच बंद होतात, फक्त तो पर्याय दरेक कंपनी वेगळ्या कोपऱ्यात ठेवते. कंपनीचं ॲप-दुकान विसरू नका, नवी ॲप्स बहुतेक तिथूनच उतरतात.

जिथे डिसेबलही दाबता येत नाही तिथे लॅपटॉप लागतो. अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डिबगिंग चालू करा. लॅपटॉपवर गुगलचं प्लॅटफॉर्म टूल्स हे छोटं पॅकेज घ्या, त्यात एडीबी येतं, लॅपटॉपवरून फोनला कमांड देणारं साधन. केबल डेटाची हवी. मी शेजारच्या पोराचा लॅपटॉप आणून दोन तास बसलो, लॅपटॉपला फोन दिसेचना, शेवटी कळलं की केबल नुसती चार्जिंगची होती. जोडल्यावर फोन परवानगी विचारतो, ती द्या. मग एडीबी शेल, त्यात पीएम अनइन्स्टॉल, पुढे डॅश डॅश युजर, शून्य, आणि ॲपचं पॅकेज नेम, म्हणजे सिस्टिम त्या ॲपला ज्या नावानं ओळखते ते. व्हिडिओत बरेच जण मधे डॅश के लावायला सांगतात. लावू नका. त्यानं ॲप जातं पण त्याचा डेटा फोनमध्येच राहतो.

यात रूट नाही, बूटलोडर (फोन चालू करणारा मूळ प्रोग्राम) उघडावा लागत नाही, म्हणून वॉरंटीला सहसा धक्का लागत नाही. ॲप फक्त त्या वापरकर्त्यापुरतं जातं, मूळ प्रत सिस्टिमच्या भागात राहते. म्हणून फॅक्टरी रीसेट केलं की सगळी परत येतात, आणि चुकून कामाचं काढलं तर इन्स्टॉल एक्झिस्टिंग या कमांडनं परतही आणता येतं. मोठं सिस्टिम अपडेट आलं की पुन्हा एकदा पाहा.

मी २३ ॲप्स काढली. मुख्य पानावर सहा ठेवली: फोन, कॅमेरा, व्हॉट्सॲप, हवामान, ई-पीक पाहणी, टॉर्च. पहिले पंधरा दिवस बाबांनी हात लावला नाही. मग एक दिवस हवामान पाहिलं. चित्र आलं नाही, काही उघडलं नाही. त्यांनी पुन्हा पाहिलं. २०२५ च्या खरिपात पीक पाहणी त्यांनी स्वतः केली, मी वावरात सोबत होतो पण फोन माझ्या हातात एकदाही आला नाही. हमीभावानं कापूस द्यायचा तर त्या वर्षी कपास किसान ॲपवर नोंदणी करायची होती. तिथे आधार आणि सातबारा टाकायला मी मदत केली, बाकी बटणं त्यांचीच. दादा, तू हे वाचत असशील तर वाच.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. फोटो आणि नंबर आधी दुसरीकडे घ्या. गुगल प्ले सर्व्हिसेस, वेबव्ह्यू, सिस्टिम यूआय, लाँचर, कीबोर्ड यांना हात लावू नका. काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्यांचं सुरक्षेचं ॲप काढलं तर फोन पुन्हा चालूच होत नाही, म्हणून पॅकेज नेम कशाचं आहे ते कळल्याशिवाय काढू नका, नुसतं डिसेबल करा. काम झालं की यूएसबी डिबगिंग बंद करा, काही बँकांची ॲप्स ते चालू असलं तर उघडत नाहीत. आणि सिस्टिम ॲपची मूळ प्रत जात नसल्यानं तेवढी जागा मोकळी होत नाही. बाबांच्या फोनमध्ये चार जीबी मोकळे झाले, त्यातले अडीच व्हॉट्सॲपच्या सुप्रभातच्या व्हिडिओंचे होते. जागा फारशी मोकळी होणार नाही असं दादानं म्हटलं होतं, तेवढं त्याचं बरोबर.

आईला शेजारी बसवूनच काढा. मी एफएम रेडिओ काढायला निघालो होतो, मला वाटलं कोण ऐकतं. बाबांनी मनगट धरलं. "त्याले हात नको लावू." पावसात टॉवर गेला की नेट बंद पडतं, तेव्हा हेडफोनची वायर लावून ते यवतमाळ आकाशवाणी ऐकतात. आता मुख्य पानावर सात आहेत.