कर्ज काढून व्हिएन्ना, तेही जुलैत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला २५ वर्षं झाली, पत्नी शाळेत संगीत शिकवतात, व्हिएन्ना बघायची त्यांची फार दिवसांची इच्छा. टूर कंपनीने जुलै अखेरचं ९ दिवसांचं, ४ शहरांचं पॅकेज दोघांना ५ लाख ४० हजारांत देऊ केलंय, सवलत धरून. हाताशी २ लाख ४० हजार आहेत. उरलेल्या ३ लाखांसाठी पर्सनल लोन घ्यावं की अडीअडचणीसाठी ठेवलेली एफडी मोडावी?

दोन्ही नको. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एफडीला हात लावायचा नाही, यावर चर्चाच नको. कर्जाचं म्हणाल तर ३ लाख १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १०,२५० आणि व्याज ६९ हजारांच्या घरात. शिवाय व्हिसासाठी बँक स्टेटमेंट द्यावं लागतं. खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम तिथे प्रश्न उभे करू शकते.

पण पैशांआधी मला तारखाच खटकल्या. जुलै-ऑगस्टमध्ये व्हिएन्नाचा स्टेट ऑपेरा, म्हणजे तिथलं संगीतनाटकांचं मुख्य थिएटर, बंद असतो. वहिनी ज्यासाठी निघाल्यात तेच दार बंद, आणि पॅकेजमध्ये त्या शहराच्या वाट्याला दीड दिवस. सवलत कशाची मिळतेय, ते बघा.

माझं मत: पुढच्या मे महिन्यात जा, फक्त व्हिएन्ना, ६ रात्री, स्वतः बुकिंग करून. शाळेला सुट्टी असतेच. कर्जाचा जो हप्ता भरायला तुम्ही तयार होता, तोच १०,२५० जूनपासून एप्रिलपर्यंत आरडीत टाका. ११ हप्त्यांचे १,१२,७५० आणि वर थोडं व्याज. हातचे धरून साडेतीन लाखांवर जाता.

खर्च जरा सढळ धरतो. आखाती देशातून जाणारं विमान, दोघांचे १ लाख ३० हजार. व्हिसा माणशी ९० युरो, त्यावर व्हिसा अर्ज केंद्राचं शुल्क आणि विमा (किमान ३० हजार युरोंचं संरक्षण लागतं), दोघांचे मिळून ३० हजार. हॉटेल, खाणं, ट्राम, राजवाडे, मैफली: १,५८० युरो. युरो ११० रुपयांचा धरला तर १ लाख ७४ हजार. एकूण ३ लाख ३४ हजार.

एवढ्यात मैफलीही कशा बसतील, असं वाटेल. १८६९ साली उघडलेल्या त्या ऑपेरात उभ्याची तिकिटं असतात, २० युरोंच्या आत. लोक कठड्याला रुमाल बांधून जागा धरतात (आपल्या एसटीसारखंच), आणि समोरच्या छोट्या पडद्यावर गाण्याचा अर्थ उमटत राहतो. पाय मात्र दुखतील, म्हणून एखाद्या संध्याकाळी म्युझिकफेराइन या संगीतगृहाच्या सोनेरी सभागृहात बसून ऐकण्याचं तिकीट काढा. तिथे हात आखडू नका. ऑगस्टिनर चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेला वाद्यवृंद असतो, तो फुकट. स्टेफान्सडोम या मोठ्या चर्चसमोर मोझार्टचा टोप घालून तिकिटं विकणाऱ्यांना मात्र टाळा. त्या मैफली पर्यटकांपुरत्या असतात आणि महाग पडतात.

क्रेडिट कार्ड परदेशात घासलं की बहुतेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा घेतात. फॉरेक्स कार्ड (आधीच युरो भरून ठेवायचं कार्ड) घ्या. विमानाचं तिकीट फेब्रुवारीत हातच्या पैशांतून काढा आणि त्याआधी दोघांच्या पासपोर्टची मुदत तपासा. परतीनंतर किमान ३ महिने ती शिल्लक लागते.