आंबट कुठे, सोडा कुठे

प्रश्न : ताई, व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की ओटा लख्ख होतो, असं मोबाईलवर पाहिलं. शेगडीखालच्या चिकट थरावर दोन्ही ओतलं. फेस भरपूर आला, थर जागचा हलला नाही. उलट कडाप्प्यावर पांढरट ओघळ उमटलेत. चार दिवस घासतेय, जात नाहीत. – एक वाचक, लातूर

उत्तर : आधी घासणं थांबवा. ते ओघळ म्हणजे डाग नव्हेत, तिथला दगडच विरलाय. कडाप्पा हा चुनखडीचा दगड. शहाबादी आणि कोटा त्याच जातीचे, आणि संगमरवर त्यांचा भाऊबंद. यांच्यावर आंबट पडलं की वरचा गुळगुळीत पापुद्रा जातो आणि तेवढा भाग निस्तेज दिसतो. साताऱ्याला माझ्या माहेरी ओट्यावर अर्धं लिंबू रात्रभर पालथं राहिलं होतं. सकाळी उचललं तर खाली पांढुरका गोल, आणि बोट फिरवलं तर खरखरीत. आईने राखेने घासून पाहिलं, मग चिंच लावली, तर तो गोल आणखीच पसरला. पुढे ओटा काढून नवा बसवला तोवर ते लिंबू तिथे जसंच्या तसं उमटलेलं होतं. तुमच्या ओघळांवर खोबरेल तेलाचा हात फिरवलात तर काही दिवस ते लपतील. कायमचे घालवायचे असतील तर फरशी पॉलिश करणाऱ्या कारागिराला बोलवा.

आता फेसाचं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे हा प्रयोग दरवर्षी वर्गात व्हायचा. सोडा आणि आंबट एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात. वर येतो तो कार्बन डायऑक्साइड, ज्याने ढोकळा फुगतो तोच. फेस बसल्यावर खाली उरतं ते नुसतं खारट पाणी. त्याने चिकटा कसा निघणार? दोघंही कामाचे आहेत, पण वेगवेगळ्या कामांना. तेलकट, ओशट असेल तिथे सोडा. पाण्याचे क्षार आणि तांब्या-पितळेचा काळपटपणा असेल तिथे आंबट. किटलीच्या तळाचा पांढरा थर लिंबू पिळलेलं पाणी उकळलं की सुटतो, तिथे सोड्याचा काही उपयोग नाही.

शेगडीखाली असं करा. अर्धा लिटर कडकडीत पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, खाण्याचा नव्हे. हातमोजे घालून जुना पंचा त्यात भिजवा, पिळा आणि थरावर पंधरा मिनिटं पसरून ठेवा. मग जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने खरवडा, चिकटा गुंडाळी होऊन येतो. नंतर दोनदा साध्या पाण्याने पुसून घ्या. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र हा सोडा लावू नका, काळी पडतात.

आणि हात जोडून सांगते, घरात ब्लीच असेल तर त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : गणपतीच्या आधी समया काढल्या. चिंच-मीठ लावूनही खालच्या तबकडीवर काळे-हिरवे चट्टे राहिलेत. माझी सासू आमसुलं वापरायची. तेच बरं का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सासूबाईंचं बरोबर. आमटीतून काढलेली आमसुलंही चालतात, फेकू नका. पण तुमची अडचण चिंचेची नाही, क्रमाची आहे. समईच्या तबकडीत वर्षभराचं तेल वाळून राळेसारखं बसलेलं असतं. त्याच्यावर आंबट कितीही चोळलं तरी खालच्या धातूपर्यंत पोचतच नाही. आधी बेसन चोळून तेल टिपून घ्या आणि गरम साबणपाण्याने समई धुवा. वातीच्या चोचीतली काजळी जुन्या दातांच्या ब्रशने काढा. मगच चिंचेचा कोळ आणि मीठ, दोन-तीन मिनिटंच. फार वेळ ठेवलंत तर पितळेवर तांबूस छटा येते. लगेच धुवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि उन्हात ठेवा. ओली ठेवलेली समई दुसऱ्या दिवशी पुन्हा काळवंडते. कल्हई असलेल्या भांड्याला आतून चिंच लावू नका.

प्रश्न : मावशी, मी पुण्यात होस्टेलवर राहतो. पांढऱ्या शर्टवर मिसळीचा रस्सा सांडला. साबण लावला तर पिवळा डाग एकदम लाल झाला. शर्ट गेला का? – एक विद्यार्थी

उत्तर : नाही रे, शर्ट शाबूत आहे. हळदीला साबणाचा खार लागला की ती लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळ, डाग पुन्हा पिवळा होईल. तेल राहिलं असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब चोळून परत धू. मग शर्ट ओला असतानाच, डागाची बाजू वर करून, भर उन्हात टाक. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. एका दुपारीत फिका होईल, नाही गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवून टाक. खोलीत दोरीवर वाळवू नकोस, गच्चीवर ने.